आत्याचा गार गुडघा

चहा आधी ओतून घ्या. ही फजिती ऐकल्यावर तुम्ही मला जे काही म्हणाल, ते सगळं आमच्या घरात म्हणून झालंय, त्यामुळे नवीन काही सुचलं तरच बोला.

मी एमएस्सी करते. माझा प्रोजेक्ट सांध्यातल्या पाण्यावर आहे. सुजलेल्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्याचा थेंब आमचं यंत्र हळूहळू तापवतं आणि तापताना तो किती उष्णता पितो, याचा आलेख काढतं. संधिवाताचा आलेख वेगळा, जंतू झालेल्या सांध्याचा वेगळा. अजून संशोधनच चालू आहे, पण मी यावर तासभर बोलू शकते. घरात दोन मिनिटं कुणी ऐकेल तर शपथ.

तर माझी आत्या दिघाशीहून आमच्याकडे भिवंडीला आली होती, मुलाच्या लग्नाची राहिलेली खरेदी करायला. परवावर हळद, ही वरमाई, आणि हिचा गुडघा नारळाएवढा. लालभडक आणि गरम.

"वज्रेश्वरीच्या गरम पान्याच्या कुंडात दोन डुबक्या मारून येते," आत्या म्हणाली. "उतरंल."

"आत जंतू असले तर सांधा कायमचा जाईल. उद्या डॉक्टर पाणी काढतील, थोडं मला देतील. आम्ही त्याची उष्णता मोजू."

"म्हंजी काय करनार?"

इथे मी नीट समजवायला हवं होतं. पण मोठ्यांना तीच गोष्ट चारदा सांगायचा मला भयंकर कंटाळा. म्हटलं, सोपं करून टाकू.

"जास्त गरम निघालं तर जंतू, मग अ‍ॅडमिट. कमी निघालं तर संधिवात, गोळ्या घेऊन घरी."

"मंग हळद?"

"अ‍ॅडमिट झालीस तर कसली हळद?"

आत्याने मान डोलावली. आईनेही. एकही उलटा प्रश्न नाही. मला वाटलं, बघा, शिकलेल्या माणसाने ठाम बोललं की मोठी माणसं बरोबर ऐकतात.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. मग दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला. परत पहिल्यावर.

"सुजलाय, पण इतका गार कसा?"

"रक्त पोचत नसणार," मी म्हणाले. "वर कुठेतरी गुठळी अडकलीय."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. पण एमएस्सी करते."

डॉक्टर पावलाची नाडी शोधायला लागले. एवढ्यात मी बाहेर जाऊन बाबांना फोनही केला. "आत्याच्या पायाचं रक्त बंद झालंय. गाडी घेऊन या." आत येऊन तिला धीर दिला. "घाबरू नकोस. वेळेत ऑपरेशन झालं तर पाय वाचतो."

आत्याने आईकडे पाहिलं. आईने पंख्याकडे.

"वहिनी, सांगून टाक आता," आत्या म्हणाली. "पाय कापतील माझा."

आईने खुर्चीखालची पिशवी वर काढली. आत मासळीबाजारातला बर्फ. पहाटेपासून दोघी आळीपाळीने तो गुडघ्यावर धरून बसल्या होत्या, रिक्षातसुद्धा; मी स्कूटीवरून पुढे गेले होते. शिवाय पोटात सब्जा, गुलकंद आणि तांब्याभर ताक.

"पानी लवकर काढा डॉक्टर," आत्या म्हणाली. "गार हाय तवर मोजून घ्या."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "एमएस्सी कशात म्हणालात?"

आता उष्णता मोजण्यात, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

तेवढ्यात बाबा पोचले, सोबत सलूनमधून अर्ध्या दाढीवर उचललेला नवरदेव. "आईचा पाय कुठाय?" हा त्याचा पहिला प्रश्न.

पाय जागेवरच होता. डॉक्टरांनी पाणी काढून तपासायला पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. पाण्यात युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक, जंतूंची खूण नाही. म्हणजे गाऊट, संधिवाताचाच एक प्रकार. माझा आलेख लग्नानंतर आला, तोही तेच म्हणत होता. कुणी विचारलं नाही.

"हळदीला जा," डॉक्टर आत्याला म्हणाले, "पण खुर्चीत बसून. नाचायचं नाही, आणि पथ्य पाळायचं."

"कसलं पथ्य? जरा नीट सांगा."

डॉक्टरांनी प्युरीनपासून सुरुवात केली. आत्याच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या, तशी मी पुढे सरसावले. "आत्या, म्हणजे असं बघ..."

आत्याने मला हातानेच थांबवलं.

"तू गप ऱ्हा, बाय. तू सोपं करून सांगतेस."