बॅगांची गाडी

मंडळी, चुलतभावाच्या लग्नाहून आत्ताच घरी आलोय. डोकं अजून तापलेलंच आहे.

नवरदेव माझ्या छोट्या गाडीतून देवपूरहून पाचोऱ्याला जाणार, हे नानांनीच, म्हणजे माझ्या काकांनीच ठरवलं होतं. सकाळी मी गाडी धुतली, फुलांनी सजवली, त्यांच्या दारात आणून लावली. तेवढ्यात त्यांचे जावई आले. त्यांची गाडीही हीच, रंगही हाच, फक्त यंदाचं नवं मॉडेल. कंपनीने पुढची जाळी आणि दिवे बदललेत, आत मोठा स्क्रीन बसवलाय. इंजिन तेच.

नाना माझ्या गाडीचा हार सोडत म्हणाले, "भाऊ, तुनं मॉडेल जुनं व्हयी गयं. फोटोमा नवीच जोयजे. तू बॅगा भरी ले."

हार जावयांच्या गाडीवर चढला. लग्नघरात तमाशा नको म्हणून मी बॅगा भरल्या.

मागच्या वर्षी नानांच्या छातीत कळ आली, तेव्हा याच गाडीतून मी त्यांना दवाखान्यात नेलं. काकूच्या मांडीवर डोकं ठेवून ते सारखं "भाऊ, लवकर" म्हणत होते. त्या दिवशी मॉडेल नाही विचारलं त्यांनी.

खरं सांगा, तुमच्याही घरी दवाखान्याची गाडी वेगळी आणि फोटोची वेगळी असते का?