तलावाकाठची मूठभर माती

विमानं आदळून ते जुळे टॉवर पडले, त्याला तीनेक वर्षं झाली असतील. आमच्या डीनबाईंनी फर्मान काढलं: देशाच्या सुरक्षेसाठी वेगळा कोर्स नाही, प्रत्येकाने आपापल्या विषयातच ती शिकवायची. इतिहासवाले, नर्सिंगवाले मुकाट्याने कामाला लागले. मी कॅरी गावाजवळच्या त्या कॉलेजात पाणीशुद्धीकरण शिकवायचे. इतकी वर्षं पाणी स्वच्छ कसं करायचं ते सांगितलं, आता ते कोण नासवेल हे सांगायचं! डोक्यात किडाच शिरला. रस्त्यात पाण्याची टाकी दिसली की मान आपोआप वळायची. त्यात आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं. नवरा रोज म्हणायचा, जपून राहा. म्हणजे नेमकं काय करू, ते मात्र सांगायचा नाही.

तरी शिकवलं, आणि नीट शिकवलं. तलावात कुणी काही सोडताना, नमुना घेताना दिसलं तर वाट बघू नका, कळवा. नंबर फळ्यावर लिहून दिला.

मग गणपती आले.

"यंदा तलाव कॅन्सल करू यार. टबात करू विसर्जन," नवरा म्हणाला.

"देवाला टबात? शाडूची मूर्ती आहे, विरघळून जाईल. पाणी कुणाला शिकवतोस?"

रविवारी संध्याकाळी गेलोच. मूर्ती सोडली, हात जोडले, रीतीप्रमाणे काठची मूठभर माती डब्यात घेतली आणि घरी आणून पाटावर ठेवली.

सोमवारी वर्गात, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने हात वर केला. काल तलावावर एका जोडप्याने पाण्यात काहीतरी सोडलं, डब्यात नमुना भरला आणि निघून गेलं. चेहरे लांबून दिसले नाहीत, पण गाडीचा नंबर तिने टिपला होता.

"ती मी होते," म्हणाले, आणि शाडू, पाट, माती सगळं समजावत बसले. मुलं हसली. ती हसली नाही, तिचा चेहरा पडला.

"प्रोफेसर, मी कालच फोन केला. तुम्हीच म्हणाला होतात, वाट बघू नका."

"बरोबर केलंस," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बाहेर जाऊन घरी फोन लावला. नवरा त्या दिवशी घरूनच काम करत होता.

"अगं, दोन ऑफिसर आलेत," तो हळूच म्हणाला. "पाटावरची माती कसली म्हणून विचारतायत. काय सांगू?"