वाटेत थांबलेल्या पेशी
सुक्या मिरचीचा ठसका लागला की मला इतवारीच्या मिरची बाजारातला तो दवाखाना आठवतो. मला सातवा महिना होता. खाली हातगाडीवर मिरचीची पोती चढत होती आणि वर डॉक्टरीणबाई बाळाच्या एमआरआयचे फोटो दाखवत होत्या. मेंदूच्या पेशी आत खोलवर जन्मतात, म्हणाल्या, आणि रासायनिक इशाऱ्यांच्या मागोमाग सरकत आपापल्या जागी पोचतात. आमच्या बाळाच्या काही पेशी वाटेतच थांबल्या होत्या. "थांबल्या काहून पण?" नवऱ्याने दोनदा विचारलं. "इशारा मिळाला नसेल, किंवा मिळूनही कळला नसेल. पुढे झटके येऊ शकतात, पण नेमकं आज सांगता येत नाही." मला बसवेना. उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले, तेवढ्यात पोटात जोरात लाथ बसली. मी नवऱ्याचा हात ओढून तिथे ठेवला. तो हळूच म्हणाला, "पाह्य वं, हे तर कुठं थांबून राह्यलं?" मुलगी उशिरा चालली, उशिरा बोलली, झटक्यांच्या गोळ्या घेऊन आता शाळेत जाते. दुपारी शाळेचा फोन वाजला, की उचलायच्या आधीच मी पायात चप्पल घातलेली असते.