हातमोज्यांची स्टोरी

मुलीने भांडी घासायला रबरी हातमोजे आणले. पाकीट फोडलं आणि त्या कोऱ्या रबराच्या वासाने मला थेट मोरिवलीतल्या एका केमिकल कारखान्याच्या ऑफिसात नेऊन उभं केलं.

ऐंशीच्या दशकातलं आहे हे, मी दहावीत होते. अ‍ॅसिडने भाजलेला हात फडक्यात गुंडाळून बाबा बुवापाड्यातल्या घरून चालत आले होते, सोबतीला मी. ऑफिसातल्या कपाटात रचलेल्या हातमोज्यांचा असाच वास येत होता. साहेबाने विचारलं, "हातमोजे का नाही घातले?"

"साहेब, तपासणीवाले येतात त्याच दिवशी देतात. ते गेले की परत गोळा करतात."

"स्टोरी नका सांगू," साहेब म्हणाला आणि फायलीत डोकं घातलं.

फाटकाबाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "स्टोरी म्हणजे काय गं?"

"रचलेली गोष्ट," मी म्हटलं.

मुलगी इंग्रजीत एम. ए. करते. परवा सांगत होती, स्टोरी आणि हिस्ट्री एकाच जुन्या ग्रीक शब्दातून आल्या. त्याचा अर्थ चौकशी करून मिळवलेली माहिती, आणि त्याच्याही मुळाशी आहे स्वतः पाहून जाणणारा माणूस.

तो माणूस टेबलासमोर उभा होता. साहेबाने त्याचं फडकंसुद्धा सोडून पाहिलं नाही. बाबांचं सांगणं स्टोरी ठरलं. कारखान्याच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं, आणि हिस्ट्री म्हणून तेवढंच उरलं.