महांतेशची रंगीत यादी

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा महांतेश आता एकेचाळीस वर्षांचा आहे, आणि त्यानं हातात घेतलेलं एकही काम शेवटाला गेलेलं मी पाहिलेलं नाही. डी.एड. अर्धं सोडलं. उमरग्याला हायवेच्या कडेला मोबाइलचं दुकान टाकलं, ते सव्वा वर्ष चाललं. मग प्लॉट विकणाऱ्यांच्या मागं फिरला, मग कुठल्याशा विम्याच्या. शर्ट मात्र कायम पांढरा आणि कडक इस्त्रीचा. ती इस्त्री बायको करते. तिचं नाव कुठल्याच यादीत प्रमुख म्हणून नाही.

मी चौथी शिकलेली. सावकाश लिहिते. महांतेशबद्दल लिहायचं तर सावकाशच बरं. घाईत तोंडात जे येतं ते कागदावर शोभणार नाही.

या थंडीत झेडपीची निवडणूक लागली आणि त्याला काम मिळालं. आमच्या भागातून उभ्या राहिलेल्या साहेबांचा भाचा दिग्विजय सगळं बघत होता. त्यानं महांतेशला एक कॉम्प्युटर दिला, मांडीवर घ्यायचा, आणि 'डेटा प्रमुख' असं नाव दिलं. काम असं की गावाची मतदारयादी घ्यायची, घरोघर जायचं, आणि एकेका नावापुढं त्याचा फोन नंबर, धंदा, जात आणि तो कुणाचा माणूस, हे सगळं भरायचं.

महांतेश दोन घरं फिरला. तिसऱ्या घरापाशी त्याला ऊन लागलं. तिथून उठून माझ्या ओट्यावर येऊन बसला तो नऊ दिवस हलला नाही.

माझ्याच ओट्यावर का, तेही सांगते. आमच्या गावात लग्नाची नुसती पत्रिका टाकून कुणी जेवायला येत नाही. बाईनं कुंकवाचा करंडा घेऊन दाराशी यावं लागतं, आणि "उद्या सगळ्यांनी या" असं तोंडानं म्हणावं लागतं. हे बोलावणं पन्नास वर्षं बहुतेक घरांसाठी मीच करत आले. कुणाची चूल एक, कुणाच्या दोन, कुणाला दोनदा सांगावं लागतं, हे माझ्या पायांना पाठ आहे. महांतेशला ते ठाऊक होतं. स्वतःचे पाय वाचवायची अक्कल त्याला जन्मापासून आहे.

"मावशी, घर नंबर अठ्ठ्याण्णव. बिराजदार. सात मतं. कुणाची?"

"रणधीरचं घर ते. त्यो दुसऱ्या पार्टीचा गमजा घालून फिरतुय की."

"लाल," म्हणाला आणि सात वेळा बोट आपटलं.

हिरवं म्हणजे आपलं, लाल म्हणजे त्यांचं, पिवळं म्हणजे अजून हलणारं. मला मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू? या वयात दिवसभर कोण काय विचारतं? विचारलं तर औषध घेतलं का एवढंच. आणि इथं पांढऱ्या शर्टातला माणूस माझ्या तोंडाकडं बघत बसलेला. मी घडाघडा सांगत गेले आणि वर त्याला उप्पीट करून घालत गेले.

"आन् ह्या रंगाचं नंतर काय करता रं?" मी एकदा विचारलं.

"ॲनालिसिस, मावशी."

"म्हंजे?"

"म्हंजे ज्यांचं त्यांना कळतं."

म्हणजे त्यालाही कळत नव्हतं, किंवा कळत होतं. दोन्हीत वाईट कुठलं हे मी अजून ठरवते आहे.

दहा आकडी नंबर घातल्याशिवाय ते यंत्र पुढं सरकायचं नाही. ज्यांचा नंबर मिळाला नाही त्यांच्या नावापुढं या गड्यानं रेवणप्पाच्या पिठाच्या गिरणीचा नंबर टाकला. एकशे चाळीस जणांना. मग प्रचाराचे फोन सुरू झाले. रेवणप्पा पिठानं पांढरा, कानाला फोन. समोरची पोरगी म्हणायची, "शोभाताई आहेत का?" आणि हा सांगायचा, "त्या ज्वारी ठिवून गेल्या, सांजच्याला येतेल." तिसऱ्या दिवशी त्यानं गिरणी बंद ठेवली.

इथवर हसण्यासारखं होतं. मग शिवलीला आली.

शिवलीला बिराजदार माझ्या गल्लीतली. शाळेत पोरांची खिचडी शिजवते, अकरा वर्षं झाली. नवरा ट्रकवरून पडला तेव्हापासून कंबर धरून घरात आहे. तिच्या त्या पातेल्यावर चौघं जगतात. आली ती ओट्याच्या खालीच उभी राहिली.

"अक्का, मला फुडल्या म्हैन्यापासून येऊ नगं म्हणले. शाळेच्या समितीचा अध्यक्ष म्हणला, तुमच्या घरावर लाल खूण हाय, वरून निरोप आलाय. कसली खूण वो? म्या तर दार पुसून बघितलं."

रणधीर तिचा दीर. बारा वर्षांमागं वाटण्या झाल्या, अंगणात भिंत उठली, हळदीकुंकवालासुद्धा एकमेकींच्या दारात पाय नाही. पण मतदारयादीत घर नंबर अजून एकच. सात मतांतली दोन हिची आणि नवऱ्याची. आणि हे महांतेशला माहीत नसेल, मला तर होतं! अठ्ठ्याण्णव नंबरला बारा वर्षं मी दोन दारांत वेगवेगळं कुंकू लावत आले. आकडा विचारला म्हणून आकड्याला उत्तर दिलं. दारं आठवलीच नाहीत. उप्पीट खाणारा तो, अक्कल गहाण टाकणारी मी.

महांतेश आत पाणी प्यायला गेला होता. बाहेर आला तसं म्हटलं, "हिची चूल न्यारी हाय. हिच्यावरचं लाल काढ."

"आता न्हाय जमत. वर गेलं ते."

"वर म्हंजे? देवाकडं?"

"दिग्विजयदादांकडं. मावशी, बदललं तर बदलणाऱ्याचं नाव दिसतं त्यात. दादा इचारतील, घरोघर हिंडला व्हतास तर दोन चुली दिसल्या न्हाईत का? माझं नाव खराब होईल."

"तुझं नाव चांगलं कवा हुतं?"

तो हसला. महांतेशचं हेच. थोबाडात मारावी असं काही बोललं तरी हसतो, जणू आपण त्याचं कौतुक केलं. एक बोट आपटायचं होतं. शिवलीला समोर उभी होती, तिच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही, कॉम्प्युटरातलं घड्याळ बघून म्हणाला, "जेवायचं झालं का, मावशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करंडा घेतला आणि बोलावणं करायला निघाले. लाल, हिरवं, पिवळं न बघता, दारोदार. कुंकू लावायचं आणि सांगायचं, "उद्या धा वाजता माझ्या ओट्यावर या. महांतेशनं तुमच्याबद्दल काय लिवलंय ते वाचून दावणार हाय."

साठ-सत्तर बाया आल्या. महांतेश भिंतीला टेकलेला, तोंडात घास.

"माझा रंग कोंचा रं?"

"काकू, पिवळा."

"म्या हलणारी? तुझ्या लग्नात तीन दिस भाकरी बडवल्या म्या, तवा हलले व्हते का?"

"ही हिरवी आन् म्या लाल? हिनं काय दिलं तुला?"

"मला कुठं इचारलं त्यानं?" ती हिरवी उलट जास्त भडकली. "म्या हिरवी हाय म्हणून मलाच ठावं न्हाय!"

रेवणप्पा मागून ओरडला, "माझ्या गिरणीत किती बायका ऱ्हातेत ते बी वाच, म्हंजे घरी सांगतो!"

महांतेशनं भिंतीकडं तोंड करून फोन लावला. तासाभरात दिग्विजयची गाडी आली. मतदानाला चार दिवस राहिलेले. गाडीतून उतरतानाच हात जोडलेले, जणू तसेच शिवून आणले होते.

"गैरसमज झालाय. माझ्या माउलींनो, कुणी लाल न्हाय, कुणी पिवळं न्हाय. सगळं गाव आपलं."

मी म्हटलं, "मग तसंच लिवा. हितं, आमच्यादेखत."

आता नाही कसं म्हणणार? महांतेश दुपारपर्यंत बसून एकेक नाव हिरवं करत राहिला. प्रत्येक बाई आपलं आणि घरच्यांचं बघूनच उठायची. नऊ दिवसांत त्यानं एवढं काम केलं नव्हतं. शिवलीला सगळ्यांत पुढं बसलेली. तिचं हिरवं झाल्यावरही ती उठली नाही.

"दादा, अध्यक्षाला फोन लावा. आवाज मोठा ठिवा."

दिग्विजयनं लावला. बाईंचं काम चालू राहू दे, असं सगळ्या ओट्यानं ऐकलं.

निकाल लागला. कॉम्प्युटरात आमचं अख्खं गाव हिरवं होतं, अकराशे चाळीस मतं. मशीनमधून साहेबांना दोनशे बारा निघाली. साहेब पडले. त्या हिरव्या आकड्यावर विश्वास ठेवून शेवटचे तीन दिवस ते आमच्या गावात फिरकलेच नव्हते म्हणे.

महांतेश सगळीकडं सांगत फिरतो की त्याची माहिती बरोबर होती, माणसंच खोटी निघाली. परवा म्हणाला, निवडून आलेल्यांनाही अशी यादी हवी आहे, बोलणं चालू आहे. शर्ट नवा होता. मी त्याला ओट्यावर बस म्हटलं नाही. तो उभ्यानंच बोलला आणि हसत गेला.

निकालानंतर शिवलीलाला आठवडाभर झोप नव्हती. फोनवर दिलेला शब्द पडलेल्या साहेबांच्या भाच्याचा, तो किती दिवस टिकणार? अध्यक्ष साहेबांचाच माणूस, त्यानं दगाबाज शोधायला ती यादी दोनदा उघडून पाहिली. वरपासून खालपर्यंत हिरवंच. कुणाला काढावं हे त्याला कळेना. शेवटी एका दुपारी खिचडीची तपासणी करतो म्हणून शाळेत आला. शिवलीलानं पातेल्यावरचं झाकण काढून ताट पुढं केलं. त्यानं दोन वेळा वाढून घेतलं, मीठ बरोबर आहे म्हणाला, आणि हात धुवून गेला.