प्रल्हादची बिनआवाजाची गाडी

आमच्या स्टँडवर एवढे किस्से काऊन साचतात, ते आधी सांगतो. काळी-पिवळी जीपचा नंबर लागेपर्यंत ड्रायव्हरला दोनच कामं. एक काच पुसणं, दुसरं टिंगल करणं. काच लगेच पुसून होते हो, मग उरलेल्या वेळात माणूस करील काय?

मी बुलढाणा-मलकापूर लाईनवर गाडी चालवतो. आमच्या बुलढाण्याला रेल्वे नाही. रेल्वे पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं, अन् त्या घाटावरच आमचं पोट आहे. स्टँडवर सगळ्यात जुने हमीदभाई. त्यांची जीप त्यांच्याहून जुनी दिसते. आणि सगळ्यात शांत प्रल्हाद इंगळे. गेल्या वर्षी त्याच्या जीपची मुदत संपली, आरटीओनं पुढं पासिंग द्यायला नकार दिला.

त्याचा साडू पुण्यात. तो रोज फोन करायचा, "इकडं ये, कंपनीची गाडी चालव." पण त्याची बायको वंदनावहिनी इथं अंगणवाडीत कामाला, पोरगी इथल्या शाळेत. पुण्याला जायचं म्हणजे एकट्यानंच. प्रल्हादला ते नको होतं. म्हणजे नवी गाडी घ्यायची, अन् ती चाललीच पाहिजे. आता कोणती घ्यायची, यावर अख्खा स्टँड भांडायला लागला!

*

पॉलिटेक्निकचे एक सर दर शनिवारी आमच्या गाडीनं गावी जातात. ते एकदा गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "प्रल्हाद, खरं भविष्य हायड्रोजनचं. धूर नाही, काही नाही. सायलेन्सरमधून नुसतं पाणी पडतं!"

पाणी म्हटल्याबरोबर सगळे ड्रायव्हर गोळा झाले. उन्हाळा होता, नळ येऊन आठवडा उलटला होता.

"मंग दारात उभी करून खाली घागर लावता येईन का?" मी विचारलं.

सर हसले. हमीदभाईनं मात्र मुद्द्याला हात घातला. "सर, हे हायड्रोजन बनते कायपासून?"

"पाण्यापासूनही बनवतात."

"म्हंजे आधी पाणी द्याचं, मंग त्याच पाण्याची वाट पाहाची? हे त आपल्या नळयोजनेसारखंच झालं यार!"

प्रल्हादनं हळूच विचारलं, "सर, पंप कुठं हाय याचा?"

"अजून आपल्याकडं नाही. येईल हळूहळू."

"मंग मी काय करू, गाडी घेऊन पंपाची वाट पाहू?"

सरांनी खिडकीची काच खाली केली अन् बाहेर पाहत बसले.

*

शेवटी प्रल्हादनं इलेक्ट्रिक घेतली. सात सीटची, हिरव्या नंबर प्लेटची. स्टँडवर आणली तेव्हा एक बुढा तिला लांबूनच वळसा घालून गेला. हिरवी पाटी पाहून त्याला वाटलं, कोणी साहेब आला तपासणीला!

पूजा स्टँडवरच केली. वहिनींनी हार घातला, मी चाकाखाली लिंबू ठेवलं. हमीदभाई पुढं उभे राहून ओरडले, "हां, कर स्टार्ट!"

प्रल्हाद म्हणाला, "सुरू हाय."

"अबे, स्टार्ट कर न!"

"सुरूच हाय हमीदभाई, बाजूले सरका."

"काऊन मजाक करून राह्यला बे? पूजेच्या दिवशी बॅटरी गेली का काय?"

तेवढ्यात फच्चकन आवाज झाला. लिंबू फुटलं होतं, अन् हमीदभाई उडी मारून चहाच्या टपरीत पोचले होते. गाडीनं केलेला तेवढाच आवाज. त्या दिवसापासून हमीदभाई तिला "मुकी" म्हणू लागले.

*

हमीदभाईंची आणखी एक ख्याती सांगायची राहिली. डिझेलच्या बाबतीत चिक्कू नंबर एक! घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायचे. मी किती वेळा हात जोडले, "भाई, ब्रेक लागला नाही त सगळे दरीत जाऊ." त्यांचं उत्तर ठरलेलं, "डिझेलचा एक थेंब फुकट जाऊ देत नसतो मी."

तर प्रल्हादनं एकदा स्टँडवर सांगितलं, की इलेक्ट्रिक गाडी घाट उतरताना उलट थोडी चार्ज होते. हमीदभाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उभ्या जन्माची त्यांची काटकसर या मुकीनं एका उतारात मागं टाकली!

पण खरा घोटाळा पुढंच झाला. त्याच्या गाडीत घाटाखालच्या मोताळ्याची एक मावशी बसली होती, तिनं हे सगळं ऐकलं. गावात उतरताना तिनं भाडं हातात ठेवलं, तर कमी.

"मावशी, हे कमी हाय."

"उतरताना तुही गाडी भरते म्हणतं न? मंग येतानाचं पुरं घेजो, जातानाचं एवढंच!"

*

पहिल्या महिन्यात तो एका लग्नाची वर्दी घेऊन आडगावाला गेला. परत निघायच्या वेळी पाहतो तर बॅटरी तळाला! चार्जर जवळ होता, पण गावात दमदार वायर फक्त पिठाच्या गिरणीत. गिरणीवाला भला माणूस. म्हणाला, "लाव न भाऊ. पण लाईट कमी येते, गिरणी अन् गाडी संगमंग चालनार नाही. नंबरानं ये."

आता गिरणीचा नंबर म्हणजे डब्यांचा. बायका डबा रांगेत ठेवून घरी जातात, डबा त्यांच्या वतीनं उभा राहतो. प्रल्हादकडं डबा कुठला? एका ताईनं आपला रिकामा डबा दिला. "हा तुह्या गाडीचा. सरकवत राह्य पुढं."

सगळ्या वऱ्हाडी मंडळींसमोर आमचा प्रल्हाद एकेक डबा सरकवत बसला. ज्वारी झाली, गहू झाला, कोणाचं बेसन झालं. शेवटी त्याचा डबा पुढं आला. गिरणीवाल्यानं मान वर न करता सवयीनं विचारलं,

"बारीक का जाड?"

*

हसलो आम्ही खूप. पण प्रल्हादचं हसणं हळूहळू कमी झालं. त्याच्या गाडीत माणूसच बसेना!

कारण सांगतो. आमच्या लाईनवर रिकाम्या गाडीत कोणी आधी बसत नाही. उन्हात उकडत कोण बसणार? सगळे टपरीच्या सावलीत उभे राहतात अन् कान गाडीकडं ठेवतात. ड्रायव्हरनं इंजिन चालू करून दोनदा जोरात रेस केली, धूर सोडला, "निघाली निघाली!" ओरडलं, की लोक पिशव्या घेऊन धावतात. गाडी तेव्हाही निघणार नसते, ही गोष्ट वेगळी. पण धंदा असाच चालतो.

मुकीला रेस कशी करणार? प्रल्हाद ओरडायचा, हॉर्न वाजवायचा. लोक म्हणायचे, "बंदच त हाय अजून," अन् दुसरा चहा सांगायचे.

तेवढ्यात एसटी लागायची आणि लोक तिच्यात चढायचे. स्टँडचा नियम असा, की एसटी येऊन गेली तरी गाडी भरली नाही, तर नंबर मागच्याचा. नियम हमीदभाईंनीच केलेला. अन् प्रल्हादच्या मागचा नंबर बहुतेक हमीदभाईंचाच असायचा.

एक दिवस साडूचा फोन आला, तेव्हा प्रल्हाद पहिल्यांदा "नाही" म्हणाला नाही. "पाह्यतो," म्हणाला. फोन ठेवून गाडीच्या काचेवर फडकं मारत राहिला. काच स्वच्छच होती. मला फार वाईट वाटलं हो. हमीदभाई शेजारीच होते. त्यांनी ऐकलं, चहा संपवला अन् आपल्या जीपकडं गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ. पुढं मुकी, रिकामी. मागं हमीदभाईंची जीप, तिच्यामागं मी. टपरीपाशी लोक उभे होते. एसटी लागायची वेळ झाली होती, म्हणजे नंबर आता हमीदभाईंकडं येणार.

हमीदभाई जीपमध्ये चढले. चावी फिरवली. जीप अशी धडधडली की टपरीवरच्या बरण्या वाजल्या! त्यांनी पाय दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. काळा धूर सगळ्या स्टँडवर पसरला. एक थेंब फुकट न घालवणारा माणूस, नुसत्या उभ्या जीपमध्ये डिझेल जाळत बसला होता!

खिडकीतून मान बाहेर काढून ते ओरडले, "मलकापूर! मलकापूर! निघाली निघाली! पुढच्या गाडीत बसा, पुढच्या!"

लोक पिशव्या घेऊन धावले. एक मुकीत चढला, दुसरा चढला, मग मायलेकी, मग सगळेच. एसटी आली तेव्हा प्रल्हादच्या गाडीत जागा नव्हती.

सगळ्यात शेवटी एक आजोबा कसेबसे कोपऱ्यात टेकले. मागून हमीदभाईंची रेस चालूच होती. आजोबांनी कानावर हात ठेवला अन् प्रल्हादला म्हणाले,

"गाडी त नवी दिसते रे बाबू. पण आवाज लय करते!"

प्रल्हादनं आरशात मागं पाहिलं. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले अन् म्हणाला,

"हाव आजोबा. घाटात शांत होते."