तीसच्या खाली

ताईच्या छातीत स्तनाचं इम्प्लांट बसवून नऊ दिवस झाले होते. काखेखालून बाहेर काढलेल्या ड्रेनच्या नळीला प्लास्टिकचा फुगा होता. त्यात साठलेलं लालसर पाणी मी रोज सकाळी मोजायचे. ते तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळी निघणार होती. ती जास्त दिवस राहिली तर जंतुसंसर्गाची भीती होती. त्या सकाळी पुन्हा चाळीस भरलं. उशाजवळचा तांब्या मात्र कालपासून तसाच होता.

"पाणी प्यायली नाहीस?"

"प्यायलं की तेच खाली उतरतं ना गं. मी बंदच केलंय."

"प्यायलेलं पाणी आहे का ते, ताई? जखमेतून झिरपतं ते. डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलंय."

भीतीला नुसतं थांबून राहता येत नाही. हातात दुसरं काही नसेल तर ती तहान मारते. मी पेला भरून दिला. ताईने एक घोट घेतला आणि लगेच फुग्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.